कपाडियांची 'दिएगो मॅराडोना' ज्युनियर पोरांना दाखवायची आहे: कशी दाखवावी, आधी काय सांगावं?

डावा_विंगर

मे महिन्याच्या सुट्टीत पेडण्यातल्या एका क्लबाच्या ज्युनियर मुलांना आसिफ कपाडियांची 'दिएगो मॅराडोना' (२०१९) ही डॉक्युमेंटरी दाखवायचं घाटतंय. मुलं १४ ते १७ वयाची, चाळीसेक, शिवाय पालक. देवळासमोरचं पटांगण मिळेल, आभाळ भरलंच तर शेजारचा सभामंडप.

कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, कोकेन, कामोरा (तिकडची माफिया टोळी), लफडी हे पोरांना कशाला? त्यापेक्षा गोलांचे व्हिडिओ लावा. दुसरा म्हणतो, कोकेनसाठीच दाखवा, चांगली दहशत बसेल. मला दोन्ही पटत नाही. या सिनेमाबद्दल जो तो 'उदय आणि अस्त' म्हणतो, पण तारखा मांडून बघितल्या तर अस्त उदयाच्या पोटातच चालू होता. हे पोरांपर्यंत कसं पोचवायचं? कुठे थांबवायचं, आधी काय सांगायचं, आणि उघड्यावर दाखवताना काय काय फसतं? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

सुंगटां_हुमण

पहिली अडचण लिहून घ्या: रात्री १० ला कर्णा बंद. हा नियम गोव्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे, किनारपट्टी सोडून.

म्हादई

विषय आवडला. आधी सिनेमा कसा बांधलाय ते बघू, कारण पोरं पहिल्या दहा मिनिटांतच बिथरतील. यात निवेदक नाही. खुर्चीत बसून बोलणारी माणसं नाहीत. सगळी जुनी चित्रफीत, आणि तिच्यावर मागाहून घेतलेल्या मुलाखतींचा फक्त आवाज. कपाडियांच्या 'सेना' आणि 'एमी'ची हीच पद्धत. बोलणारा कोण हे नावावरून ओळखायचं, त्यामुळे चार-पाच नावं आधीच फळ्यावर लिहून ठेवा: होर्हे सिटरश्पिलर (पहिला एजंट), फर्नांडो सिन्योरिनी (ट्रेनर), क्लाउडिया (बायको), कोरादो फेर्लाइनो (इटलीतल्या नापोली शहराच्या त्याच नावाच्या क्लबाचे अध्यक्ष).

एवढं चित्रण आलं कुठून, हेही पोरांना सांगण्यासारखं आहे. सिटरश्पिलरने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दिएगोवर सिनेमा काढायचा म्हणून स्वतःचे कॅमेरावाले लावले होते. तो सिनेमा झालाच नाही, टेपा पडून राहिल्या. कपाडियांच्या हाती पाचशे तासांहून जास्त माल होता. म्हणून तर ड्रेसिंग रूम, घर, पार्ट्या इतक्या जवळून दिसतात. पोराला 'ब्रँड' करायची कल्पना तेव्हाच पक्की झाली होती, समाजमाध्यमं यायच्या कितीतरी आधी.

आता तारखा. ५ जुलै १९८४ ला सान पाओलो स्टेडियमवर त्याचं स्वागत झालं. त्याआधीच्या मोसमात नापोली एका गुणाने खालच्या विभागात जाता जाता वाचली होती. मग क्रमाने आठवा, तिसरा, पहिला (१९८७), दुसरा, दुसरा, पहिला (१९९०). मध्ये १९८६ चा विश्वचषक, १९८९ चा युएफा कप. आणि कोकेन? त्याने स्वतः सांगितल्याप्रमाणे सुरुवात बार्सिलोनातच, म्हणजे नापोलीच्या आधी. म्हणजे ट्रॉफ्यांची वर्षं आणि कोकेनची वर्षं एकच. पोरांना 'आधी चांगला होता, मग बिघडला' असं सांगितलं तर ते साफ चूक होईल, आणि धोकादायकही. कारण त्यातून पोरगं असा अर्थ काढतं की जोवर गोल होताहेत तोवर सगळं ठीक चाललंय.

फातोर्डा_गेट_४

म्हादईताई, दंडवत. पण पेडण्यात अर्जेंटिनावाले किती आणि ब्राझीलवाले किती याची आधी शिरगणती करा. अर्धं पटांगण पहिल्या हाफलाच उठून जायचं. दक्षिणेत असता तर पोर्तुगालवाला तिसरा गट वेगळाच, कळंगुटच्या रोनाल्डोच्या पुतळ्यापाशी सेल्फी काढून आलेला.

कुळागर

ताई, मांडणी छान, पण मला यात एक पळवाट दिसते. सिनेमाही तीच वापरतो. सिन्योरिनी सांगतो की दिएगो नावाचा एक साधा, असुरक्षित मुलगा आणि मॅराडोना नावाचं एक सोंग, अशी दोन माणसं होती. ऐकायला झकास. पण १९८६ च्या सप्टेंबरमध्ये नापोलीत मुलगा झाला, तो आपला नाही म्हणून वर्षानुवर्षं कानावर हात ठेवले, ते कोणी केलं? दिएगोने की मॅराडोनाने? इटलीच्या कोर्टाने पितृत्व ठरवून दिल्यावरही गडी बधला नाही. प्रत्येक वाईट गोष्ट 'मॅराडोना'च्या खात्यावर आणि प्रत्येक चांगली 'दिएगो'च्या, असा हिशेब १५ वर्षांच्या मुलाला शिकवू नका.

रेफ्री_काका

कुळागर यांच्याशी सहमत, पण मी दुसरीकडून येतो. अंगावरच्या माराबद्दल बोला. हे पोरांना लगेच कळेल.

१९८२ च्या विश्वचषकात इटलीविरुद्ध एका सामन्यात त्याच्यावर २३ फाऊल झाले, बहुतेक क्लाउदिओ जेंतिलेचे. २४ सप्टेंबर १९८३ ला बिल्बाओच्या गोइकोएचियाने मागून घोटा मोडला, तेव्हा तीन-साडेतीन महिने तो बाहेर होता. १९८६ च्या विश्वचषकात सात सामन्यांत ५३ फाऊल. त्या काळी मागून येऊन पाय तोडणारा टॅकल बहुधा पिवळ्यावर सुटायचा. मागून केलेला, प्रतिस्पर्ध्याला इजा होईल असा टॅकल म्हणजे थेट लाल, हे नियमात स्पष्ट झालं ते १९९८ ला. आजच्या नियमांत जेंतिले पहिल्या अर्ध्या तासातच आंघोळीला गेला असता.

सिनेमा बघताना पोरांना एवढंच सांगा: तो पडताना बघा. पाय जमिनीत रोवून ठेवत नाही, टॅकल येताना वजन आधीच उचललेलं असतं. उडी मारून, लोळून, परत उभा. मार चुकवणं हेही त्याचं कसबच होतं. तरी शेवटी शरीर थकलं. १९९० ला घोटा सुजलेला आणि अंगठ्याचं नख आत वाढलेलं, अशा पायाने खेळला.

लॅब_कोट

काकांचा धागा पुढे नेतो, कारण मार आणि सुई हे एकमेकांना चिकटूनच येतात.

दुखऱ्या सांध्यात सामन्याआधी भूल देणारं किंवा कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं की काय होतं? दुखणं म्हणजे शरीराचा ब्रेक. भुलीने ब्रेक निघतो, गाडी तशीच. लिगामेंट अर्धवट फाटलेलं असेल तर ९० मिनिटांत ते पूर्ण फाटतं आणि खेळाडूला पत्ता लागत नाही. कॉर्टिसोनने सूज उतरते, पण तीच सुई पुन्हा पुन्हा दिली तर कंडरा कमकुवत होतो. १७ च्या आतल्या मुलाला सामना खेळवण्यासाठी सुई देणं हा विषयच नाही. इंटर-व्हिलेज फायनलला 'स्प्रे मार आणि उतरव' हा प्रकार चालतो, तो याचाच धाकटा भाऊ. घोटा मुरगळला की बाहेर काढा, कापडातून बर्फ १५-२० मिनिटं, दर दोन-तीन तासांनी, पट्टी, पाय उंचावर. चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे.

आता कोकेनची चाचणी. नापोलीचं वेळापत्रक सिनेमात येतं: रविवारी सामना, त्या रात्रीपासून बुधवारपर्यंत मौज, मग गुरुवारपासून घाम गाळून अंग स्वच्छ करायचं. हे इतकी वर्षं का चाललं आणि शेवटी का फसलं? कोकेन स्वतः रक्तातून काही तासांत जातं, पण यकृत त्याचं बेंझॉइलएक्गोनिन करतं आणि ते लघवीत साधारण दोन ते चार दिवस सापडतं. बुधवारी रात्री थांबून रविवारी दुपारी चाचणी म्हणजे साडेतीन-चार दिवस. अगदी काठावर. रोज घेणाऱ्याच्या शरीरात साठा वाढत जातो, मग तेच चार दिवस पुरत नाहीत. घाम गाळल्याने ते लवकर निघून जातं हा निव्वळ गैरसमज. १७ मार्च १९९१, बारीविरुद्धचा सामना, नमुना पॉझिटिव्ह, १५ महिन्यांची बंदी.

आणि त्याआधी सापडला कसा नाही? फेर्लाइनो यांनी पुढे २००३ मध्ये स्वतःच कबूल केलं की खेळाडूंना दुसऱ्याची स्वच्छ लघवी पुरवली जायची. म्हणूनच आज अधिकारी समोर उभा राहून नमुना घेतो. किमान ९० मिलिलिटर, त्यातले ६० 'ए' बाटलीत, ३० 'बी'त, खेळाडूने स्वतः ओतायचे आणि सील करायचे.

सुंगटां_हुमण

हे वाचून लघवीला जायचीही भीती वाटायला लागली.

म्हादई

लॅब_कोट, हा तुमचा शेवटचा परिच्छेद म्हणजे डावा_विंगर यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर. सिनेमाचा कणा ३ जुलै १९९० हा आहे. नापोलीतच उपांत्य सामना, इटली विरुद्ध अर्जेंटिना. सामन्याआधी हा नापोलीकरांना म्हणाला की वर्षभर तुम्हाला परके मानतात आणि आज एका दिवसापुरतं इटालियन व्हायला सांगतात. इटलीच्या स्किलाचीचा गोल, अर्जेंटिनाच्या कनिजियाची बरोबरी, पेनल्टीवर अर्जेंटिनाचा गोलकीपर गोइकोचेयाने दोन अडवल्या, इटली बाहेर. पाच दिवसांनी रोममध्ये अंतिम सामन्याला अर्जेंटिनाच्या राष्ट्रगीतावर शिट्ट्या. मग जानेवारी १९९१ मध्ये पोलिसांचं फोन टॅपिंग बाहेर, मार्चमध्ये चाचणी.

सिनेमा बघून माणसाला वाटतं, इटलीने सूड उगवला. माझं म्हणणं, सुडाची गरजच नव्हती. इतकी वर्षं जे छत्र धरलं होतं ते फक्त बाजूला झालं. १९८९ ला युएफा कप जिंकल्यावर त्याला नापोली सोडायची होती, क्लबाने सोडलं नाही. का सोडतील? तिकिटं, शर्ट, मतं, सगळं त्याच्यावर. फोर्चेल्ला वस्तीतल्या जुलियानो या कामोराच्या घराण्याबरोबरचे फोटो तेव्हाही सगळ्या शहराला ठाऊक होते. माणूस तोच, सवयी त्याच. बदलली ती त्याच्यापासून होणारी मिळकत.

कुळागर

हे मान्य. पण मग तो स्वतः त्या मिळकतीचा भागीदार होता हेही लिहा. त्याला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. ड्रायव्हर, मित्र, पार्टी, सगळं त्यानेच जमवलं. छत्र धरणारे दोषी, तसाच छत्राखाली मजेत बसलेलाही.

म्हादई

लिहिते. दोन्ही बाजू. पण १७ वर्षांच्या मुलापुढे 'तू असा होऊ नकोस' म्हणणं सोपं, कारण तो मॅराडोना होणार नाहीच आहे. त्याच पटांगणात मागे खुर्च्यांवर बसलेले कमिटीवाले आणि पालक मात्र रोज छत्र धरणारे होऊ शकतात.

फातोर्डा_गेट_४

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कमिटी हा धागा वाचतेय का?

डावा_विंगर

वाचतेय. दोघांनी फोन केला. एकाने 'मागे खुर्च्यांवर' म्हणजे कोण असं विचारलं.

पडदा_पांढरा

आता जरा तांत्रिक. मेमध्ये आपल्याकडे सूर्यास्त सातच्या आसपास, पडद्यावर काही दिसायला ७.२० उजाडतात. सिनेमा १३० मिनिटांचा. म्हणजे ९.३०. पंधरा मिनिटांचं मध्यंतर धरलं तर ९.४५. दहाच्या नियमात जेमतेम बसतं, म्हणून भाषणं, सत्कार, नारळ हे सगळं सातच्या आत उरका. पाहुणे उशिरा आले तर सिनेमा शेवटी कापावा लागतो, आणि याचा शेवट कापला तर कार्यक्रमच फुकट.

पडदा १० फुटांहून रुंद नको. मोह होतो, पण हे चित्रण ऐंशीच्या दशकातल्या व्हिडिओ टेपचं आहे. जितकं ताणाल तितके दाणे फुटतात. १० फुटांना ३००० ते ३५०० ल्युमेन पुरे, पण देवळाची माळ आणि रस्त्यावरचा हॅलोजन बंद पाहिजे. प्रोजेक्टरचं थ्रो गुणोत्तर (पडद्याच्या रुंदीच्या किती पट लांब ठेवायचा ते) १.५ असेल तर तो पडद्यापासून १५ फुटांवर. म्हणजे प्रेक्षकांच्या मधोमध. तिथे टेबल, टेबलाभोवती दोरी, आणि वायर जमिनीला टेपने चिकटवलेली. नाहीतर मध्यंतरात पोरगं धावणार आणि प्रोजेक्टर खाली.

पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान साडेचार फूट वर. उपशीर्षकं खालीच असतात आणि पुढच्या रांगेतली डोकी तीच खातात. या सिनेमात उपशीर्षकं गेली की काहीच उरत नाही.

स्पीकर दोन, सहा फुटांच्या स्टँडवर, पडद्याच्या दोन बाजूंना, किंचित आत वळवलेले. प्रेक्षकांचा जल्लोष आणि मुलाखतीचा आवाज एकावर एक असल्याने बास चढवला तर बोलणं चिखलात जातं. बास कमी, मधले सूर वर.

मेमध्ये वळवाचा पाऊस आणि वीज जाणं ठरलेलं. दिव्याचा प्रोजेक्टर वीज गेल्या गेल्या परत सुरू करू नका, पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्या, नाहीतर दिवा उडतो. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप यूपीएसवर ठेवा, स्पीकर नको. दहा मिनिटांचा बॅकअपही सावरायला पुरतो.

रेफ्री_काका

आणि परवाना? घरच्या वर्गणीवर दिसणारा सिनेमा पटांगणात लावता येत नाही. तिकीट नसलं तरी ते सार्वजनिक प्रदर्शनच. हक्क असलेल्या वितरकाकडून बिगर-व्यावसायिक प्रदर्शनाची लेखी परवानगी घ्या, सेन्सॉर प्रमाणपत्राचं त्यांनाच विचारा. ग्रामपंचायत आणि पोलीस स्टेशनला ध्वनिक्षेपकाचा अर्ज वेगळा. महिनाभर आधी लागा.

काळी_मिरी

सिनेमात स्पॅनिश आणि इटालियन भरपूर, इंग्रजी थोडी, उपशीर्षकं इंग्रजीत. आपल्याकडची मुलं चौथीपर्यंत मराठी-कोकणीत आणि पाचवीपासून इंग्रजीत शिकतात, त्यामुळे १४-१५ ची मुलं वाचतील, पण वेग झेपत नाही. आजी-आजोबा तर बाहेरच. तेव्हा वितरक हो म्हणाला तर मराठी उपशीर्षकांची वेगळी फाईल करा.

ओळीत ३५ ते ४० अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, पडद्यावर किमान दीड सेकंद, फार तर सहा. सगळं भाषांतर करू नका. समालोचकांचा गोंगाट सोडून द्या, तो कानाला कळतो. फाईल युटीएफ-८ या अक्षरसंकेतातच साठवा, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग लागते. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी ठेवा. काही प्लेअर जोडाक्षरं तोडतात आणि वेलांटी भलतीकडे नेतात. ज्या लॅपटॉपवर दाखवणार त्याच लॅपटॉपवर तपासा.

सगळ्यात जास्त फसतं ते फ्रेमच्या वेगात. फाईल सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रतीवरून केली आणि सिनेमा २३.९७६ चा निघाला तर सुरुवातीला सगळं बरोबर वाटतं, आणि शेवटी उपशीर्षकं साडेपाच मिनिटांनी चुकलेली. १९९० च्या पेनल्टी चालू आणि खाली पोलिसांचं फोन टॅपिंग. म्हणून पहिली पाच मिनिटं तपासून समाधान मानू नका. शेवटची पाच तपासा.

घुमट_आरती

त्यापेक्षा दशावतारातला एक सूत्रधार उभा करा. खलनायक, राजा, शंखासुर सगळे आहेतच.

सुंगटां_हुमण

संकासूर कोण, फेर्लाइनो का?

काळी_मिरी

हसू नका, थेट निवेदक ही वाईट कल्पना नाही. फक्त माणूस फुटबॉलवेडा नको. तो गोल आला की ओरडतो आणि पुढची दोन वाक्यं गिळतो.

घुमट_आरती

थोडं अवांतर. आपल्याकडे असा 'अस्त' कोणाचा? ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो, क्लायमॅक्स लॉरेन्स, यातला कोणी असा कोसळला नाही. पहिल्या दोघांना अर्जुन पुरस्कार मिळाले, ब्रह्मानंदना २०२२ मध्ये पद्मश्री. गोव्यात खेळाडू पडले नाहीत, क्लब पडले. धेंपोने राष्ट्रीय साखळी पाच वेळा जिंकली, दोनदा एनएफएल (नॅशनल फुटबॉल लीग), तीनदा तिच्या जागी आलेली आय-लीग. साळगांवकर दोनदा, चर्चिल दोनदा. आणि २०१६ ला धेंपो, साळगांवकर, स्पोर्टिंग तिघेही आय-लीगमधून बाहेर. त्यावर डॉक्युमेंटरी कोण काढणार?

फातोर्डा_गेट_४

त्यात ५ डिसेंबर २००४ विसरू नका. बंगळुरात फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात धेंपोचा क्रिस्तियानो ज्युनियर दुसरा गोल करताना मोहन बागानच्या गोलकीपरला धडकला आणि गेला. दोन्ही गोल त्याचेच होते. मैदानावर तातडीच्या मदतीची तयारी किती अपुरी होती, यावरून तेव्हा देशभर ओरड झाली.

लॅब_कोट

म्हणून सांगतो, सिनेमा दाखवा न दाखवा, त्या ४० मुलांना आणि प्रशिक्षकांना छातीदाब शिकवा. मिनिटाला १०० ते १२०, खोली पाच ते सहा सेंटिमीटर, ३० दाबांमागे दोन श्वास. पहिला फोन १०८. अवांतर समाप्त.

कोच_बाब

मूळ प्रश्नावर येऊ या. माझ्या मते तीन जागांवर भर द्यावा, त्याहून जास्त नको, नाहीतर शाळेचा तास होतो.

पहिलं, १९८४ ची पत्रकार परिषद. एक पत्रकार कामोराच्या पैशाबद्दल विचारतो आणि अध्यक्ष त्यालाच बाहेर काढतात. तिथे थांबवून मुलांना खोली मोजायला सांगा. या खोलीत त्याच्या पायावर पोट भरणारे किती? आणि प्रश्न विचारणारे किती? उत्तर मुलं स्वतः देतील, तुम्ही बोलू नका.

दुसरं, २२ जून १९८६, विश्वचषकातला इंग्लंडविरुद्धचा सामना. दोन्ही गोल चार मिनिटांत. हाताचा गोल बघून अर्धी मुलं टाळ्या वाजवतील, वाजवू द्या. दुसरा गोल मात्र दोनदा दाखवा. अकरा स्पर्श, सगळे डाव्या पायाचे. वाटेत चकवले ते बियर्डस्ली, रीड, बुचर, फेनविक, परत बुचर, शिल्टन. स्पर्शांमधलं अंतर बघायला सांगा. मोकळ्या जागेत लांब, माणूस जवळ आला की आखूड. दुसऱ्या दिवशी मैदानावर हेच करून घ्या: २० मीटरची पट्टी, पहिले दहा मीटर मोकळे, पुढच्या दहात दीड-दीड मीटरवर सहा कोन (प्लास्टिकचे शंकू). एकच पाय. मोकळ्यात तीन स्पर्श, कोनांमध्ये प्रत्येक पावलाला एक. सहा फेऱ्या, मध्ये ४५ सेकंद विश्रांती. पोरं हमखास चुकतात ती दोन ठिकाणी. चेंडूकडे बघत मान खाली, आणि पहिल्या कोनाआधी वेग कमी न करता मोठा स्पर्श, मग चेंडू एकीकडे आणि स्वारी दुसरीकडे.

मध्यंतर १९८७ च्या विजेतेपदानंतर. त्या जल्लोषात कोणीतरी नापोलीच्या स्मशानाच्या भिंतीवर लिहिलं होतं की तुम्ही काय गमावलंत ते तुम्हाला माहीत नाही. भजी खाताना पोरांना एवढं पुरे.

तिसरं, शेवटाकडची १९९० ची नाताळची पार्टी. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर जातो आणि हलतच नाही. भोवती गाणी, गलका, आणि त्याचे डोळे कशावरच नाहीत. बरेच सेकंद. तिथे थांबवू नका, पण आवाज अजिबात कमी-जास्त करू नका आणि कोणाला उठून जाऊ देऊ नका. त्यानंतर सिनेमा संपला की प्रश्न एकच: हे टेबलाभोवतीच्या कोणालाच दिसलं नाही का?

कुळागर

हे आवडलं. यात मी एक घालेन. सिनेमा १९८४ ते ९१ वर थांबून पुढचं झपाट्याने उरकतो. त्यामुळे १९९४ सुटतं, आणि आपल्या मुलांसाठी तेच जास्त कामाचं. अमेरिकेतल्या विश्वचषकात २५ जूनला नायजेरियाविरुद्धच्या सामन्यानंतर त्याच्या नमुन्यात एफेड्रीन हे उत्तेजक सापडलं. कोकेन पेडण्यातल्या १५ वर्षांच्या मुलापर्यंत कदाचित पोचणार नाही. (किनाऱ्याकडे बघता हे वाक्य परत घ्यावं लागेल.) पण सर्दीची गोळी, वजन उतरवायची पावडर, जिममधला डबा हे नक्की पोचतं.

लॅब_कोट

बरोबर. एफेड्रीनची मर्यादा लघवीत मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम, स्यूडोएफेड्रीनची १५०. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत हे दुसरं असतं. स्पर्धेचा काळ सामन्याच्या आदल्या रात्री ११.५९ ला सुरू होतो, तेव्हा 'काल रात्री घेतली होती' हा बचाव नाही. मुलांना सवय लावा: औषधाच्या पाकिटाचा फोटो काढायचा, घटक वाचायचे, 'नाडा'च्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीत बघायचं. पावडरच्या डब्यावर घटकच लिहिलेले नसतील तर तो डबा नको. कोकेनबद्दल २०२१ पासून नियम बदललाय. स्पर्धेबाहेर घेतलं हे सिद्ध झालं तर बंदी तीन महिने, आणि उपचार पूर्ण केले तर एक महिना. म्हणजे आज यंत्रणा निदान कागदावर तरी खेळाडूला दवाखान्यात पाठवते. १९९१ ला पंधरा महिने घरी बसवलं आणि उपचारांचं त्याचं त्याने बघावं.

म्हादई

हा शेवटचा मुद्दा सिनेमानंतरच्या दहा मिनिटांत यायलाच हवा. भीती घालण्यापेक्षा कोणाला सांगायचं ते सांगा. क्लबात एक माणूस नेमा, जो निवड समितीत नाही. निवड करणाऱ्यालाच सांगायचं असेल तर पोरगं दुखणंसुद्धा लपवतं.

डावा_विंगर

सगळ्यांना देव बरें करूं. कमिटीने होकार दिलाय. पोलीस आणि पंचायतीचे अर्ज तयार, वितरकाला पत्र गेलं. निवड समितीबाहेरचा माणूस म्हणून गावातल्या निवृत्त नर्सबाई तयार झाल्यात. भजी महिला मंडळाची. काळी_मिरीताई, फाईलची शेवटची पाच मिनिटं तपासायला तुम्हीच या, लॅपटॉप कुठला ते कळवतो.

काळी_मिरी

येते. पण आधी त्यांची प्रत २५ ची की २३.९७६ ची ते विचारा. आणि नावं कशी लिहायची ते ठरवा, धाग्यातच एका गोइकोएचियाने घोटा मोडलाय आणि दुसऱ्या गोइकोचेयाने पेनल्टी अडवल्यात. पोरं गोंधळतील.

फातोर्डा_गेट_४

ब्राझीलवाल्यांसाठी वेगळी रांग ठेवा. मागे, कमिटीच्या शेजारी.